चार नंबरची रेघ

२ मार्च, सोमवार

ही वही जाहिरात खात्यातल्या बाईंनी दिली. म्हणाल्या, "काका, रोज दोन ओळी लिहा. गाडीबरोबर पुस्तिका देणार आहोत, त्यात छापू. कारागिराच्या मनातलं." मी म्हटलं, बाई, माझी शाळा पाचवीत सुटली. त्या म्हणाल्या, "तेच तर हवंय." का हवंय ते काही मला कळलं नाही. छापायला दोन ओळी वेगळ्या लिहून देईन. ही वही माझ्यापाशीच ठेवतो.

वहीबरोबर पेनही दिलंय. फार हलकं आहे, बोटांत ठरत नाही. त्यामुळे अक्षर असं येतंय.

आमची कंपनी छोट्या स्पोर्ट्स गाड्या बनवते. दोनच माणसं बसतात. मला इथे चाळीस वर्षं झाली. त्यातली पहिली एकोणतीस रेघेच्या खोलीत गेली. पुढच्या मडगार्डपासून मागच्या दिव्यापर्यंत हाताने एक बारीक रेघ मारायची, दोन्ही बाजूंना. मग रेघेची फॅशन गेली, खोलीला कुलूप लागलं आणि मला डाग भरायच्या बाकावर बसवलं. अकरा वर्षं मी दुसऱ्यांचे ओरखडे झाकले.

आता शंभर गाड्यांची खास आवृत्ती निघतेय. गडद हिरवा रंग, सायीच्या रंगाची हातरेघ, सीटला वेगळी शिलाई, आत नंबराची पितळी पट्टी. मोठे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "या शंभर गाड्या नीट गेल्या, तर रेघेची खोली आपण कायम चालू ठेवू." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला आपलं घरी येईपर्यंत ते "नीट गेल्या तर" टोचत राहिलं.

३ मार्च, मंगळवार

खोली उघडली. माझं स्टूल तिथंच होतं, एक पाय तसाच आखूड. सुपरवायझरने स्वतः झाडून घेतलं. हा माणूस वीस वर्षांचा होता तेव्हा माझे ब्रश धुवायचा. आता त्याच्या हाताखाली साठ माणसं आहेत, पण मला अजून उस्ताद म्हणतो. चारचौघांतही म्हणतो.

नंबर एकची गाडी आली. लांब केसांचा ब्रश, केस खारीचे. करंगळी पत्र्यावर टेकवायची, ती वाट दाखवते. मग श्वास धरायचा आणि चालत सुटायचं. थांबलो की गाठ पडते. चुकलं तर रंग ओला असेपर्यंत टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसता येतं, पुन्हा मारता येतं. वाळला की संपलं.

डावी बाजू एकदा पुसली, उजवी एका दमात. अकरा वर्षांनी. सुपरवायझर म्हणाला, "उस्ताद, हात विसरला नाही." माझ्या डोळ्यांत टर्पेंटाइन गेलं होतं.

४ मार्च, बुधवार

चार नंबरची गाडी. आयुष्यात इतकी चांगली रेघ माझ्या हातून फार तर दहा वेळा गेली असेल. डाव्या बाजूला मागच्या दिव्यापाशी ब्रश उचलताना एक केस वेगळा फुटला आणि रेघेच्या टोकातून सुताएवढी दुसरी रेघ निघाली, बोटाच्या पेराइतकी. पुसणार होतो. मग वाटलं, राहू दे. चांगली दिसत होती.

तपासनीस बाई बॅटरी आणि मोजपट्टी घेऊन आल्या. दोष दिसला की त्या तिथे लाल टिकली चिकटवतात. त्या केसापाशी वाकून बराच वेळ पाहिलं. मी उगाच ब्रश पुसत राहिलो. म्हणाल्या, "बसतंय मापात. जाऊ द्या." एकही टिकली नाही.

१४ मार्च, शनिवार

बावीस गाड्या झाल्या. पहिल्या गाड्या गिऱ्हाइकांकडे गेल्या, त्यांचे फोटो फोनवर आलेत. गाडीवेड्या लोकांचा एक मोठा ग्रुप असतो म्हणे, तिथे हजारो माणसं गाड्यांवरच बोलत असतात. कामंधंदे कधी करतात कोण जाणे.

घरी मी आणि सूनबाई. मुलगा लांबच्या ट्रकवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी टेकतो. सूनबाई औषधांच्या दुकानात काम करते. मला फोनवरची बारीक अक्षरं लागत नाहीत, म्हणून तिला म्हटलं, वाच बघू, काय म्हणतात.

ती वाचायला लागली. "इंजिन तेच, गिअर तेच, ब्रेक तेच. मग नवीन काय? रेघ!" पुढे कुणी लिहिलं होतं, "जुन्याच जावयाला नवा कोट घालून पुन्हा मांडवात उभा केलाय." मग एकाने विचारलं, "रेघेने किती हॉर्सपॉवर वाढली?" त्याला दुसऱ्याचं उत्तर, "दीड. दोन्ही बाजूंची मिळून तीन."

यावर सूनबाईला हसू फुटलं. माझ्याकडे बघून तिने ते गिळलं.

"पुढे वाच," मी म्हटलं.

"पुढे असंच आहे बाबा. इंजिनाचं, टायरचं."

"रेघेचं काय आहे?"

तिने बोटाने पुढचं सरकवलं. "एक जण म्हणतोय, एवढी सरळ रेघ हाताने येतच नाही. स्टिकर आहे. लोकांना हाताची म्हणून फसवतायत."

इंजिनाबद्दल काही म्हणू देत. त्यांचं खरंच आहे, इंजिनाला कुणी हातसुद्धा लावला नाही. पण स्टिकर? जेवण गेलं नाही. गॅस बंद केला का ते तीनदा उठून पाहिलं.

१७ मार्च, मंगळवार

कॅन्टीनमध्ये आमच्यातल्या एका वेल्डरने ग्रुपवरचं नवीन वाचून दाखवलं. त्याला अशा गोष्टींत भारी रस. "टर्बोदादा" नावाचा कुणी आहे, सगळा ग्रुप त्याचं ऐकतो. त्याने लिहिलंय, "गाडी सुंदर आहे. पण ही गाडी त्याच गाडीचा फोटो आहे." वेल्डर टेबल बडवून हसला. "काका, तुम्ही फोटोला फ्रेम केली हो!" सगळं टेबल हसलं. मीही हसलो, नाही तर काय करणार. चहा बशीत सांडला. कॅन्टीनचे हे नवे कप अगदीच वाईट, कानात बोट जात नाही.

आज एका गाडीला तीनदा पुसावं लागलं. रंगाचा नवा डबा पातळ आहे.

२० मार्च, शुक्रवार

गाडीवेडे कारखाना बघायला आले. तीस-पस्तीस जण. जाहिरातवाल्या बाईंनी मला नवा कोरा एप्रन घातला आणि पुढच्या हॉलमध्ये एका गाडीशेजारी उभं केलं. एप्रनला घडीच्या रेषा तशाच होत्या. मला दुकानातल्या पुतळ्यासारखं वाटलं.

टर्बोदादा स्वतः आला होता. पन्नाशीचा, बोटं कापलेले चामडी हातमोजे घातलेला. माणूस वाईट नव्हता. गाडीखाली झोपून बघून आला, उठताना हुश्श केलं आणि मला विचारलं, "काका, खरं सांगा. खाली काही बदललंय?"

"नाही हो. खाली सगळं तेच."

"बघा!" तो मागे वळून ओरडला. "कंपनीत एक तरी माणूस खरं बोलतो!" सगळे हसले. मग त्याने रेघेवर नख फिरवलं. "आणि हे कुठून छापून आणता?"

"हे मी मारतो."

"तुम्ही मारता, की फोटोपुरते उभे राहता?"

"मी मारतो. ब्रशने."

"मग दाखवा ना एक. आत्ता."

बाई मध्ये पडल्या, म्हणाल्या आज वेळ नाही, पुढे इंजिन बघायचंय. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "राहू द्या काका. तुमचा काय दोष?" आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

आत्ता लिहिताना अंगाचा तिळपापड होतोय. पण तेव्हा बाई मध्ये पडल्या त्याचं मला बरंच वाटलं होतं. हॉलमध्ये एसी फार होता, बोटं गारठली होती.

२२ मार्च, रविवार

सूनबाईने माझ्या सगळ्या शर्टांची बटणं काढून टिचबटणं लावली. म्हणते हल्ली अशीच असतात. हल्लीचं मला काय माहीत. झटकन लागतात मात्र. चहाही ती आता अर्धाच कप देते, म्हणते पुन्हा गरम देईन.

दुपारी तिला म्हटलं, ग्रुपवरचं वाच. तिने लगेच वाचलं. "काय सुंदर रेघ आहे. असा कारागीर आता होणे नाही." आणि, "या रेघेसाठीच मी गाडी घेतली." मी दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी शब्द थोडे वेगळे आले. तिचा फोन बंद पडल्यासारखा काळा दिसत होता, पण वाचत तर होती. नवे फोन तसेच असतील.

२८ मार्च, शनिवार

सूनबाई डोळे तपासायला घेऊन गेली. तिच्या दुकानाच्या वरच दवाखाना आहे. डॉक्टर तरुण, बोलायला गोड. पण डोळ्यांत नुसतं एकदा बघितलं. मग म्हणाले अंगठ्यावर बोट आपटा, भरभर. मग चालून दाखवा. मग कागद पुढे केला, "यावर गोगलगाईसारखं गोल गोल काढा, आतून बाहेर."

मी म्हटलं, "डॉक्टर, माझं काम सरळ रेघेचं. गोल कधी काढलं नाही."

ते हसले. "प्रयत्न तर करा."

केला. पेन त्यांचंही हलकंच. त्यांनी तो कागद ठेवून घेतला. मला बाहेर बसवून सूनबाईशी बराच वेळ बोलले. ती बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल होतं, दवाखान्याच्या वासाने तिला नेहमी सर्दी होते. रोज तीन गोळ्या घ्यायच्यात, डोळ्यांसाठी. चष्म्याचा नंबर मात्र दिला नाही. डॉक्टरांचं लक्ष दिसत नाही.

१ एप्रिल, बुधवार

काम मागे पडलंय. रोजच्या दोन गाड्या व्हायच्या, आता एकच होते, कधी तीही नाही. आज सात वेळा पुसली. पुसून पुसून हिरवा रंग मंद पडतो, मग पॉलिशवाला कुरकुर करतो. पंखा बदलायला सांगितलाय, रेघेवर वारा येतो.

सुपरवायझर दाराशी येऊन उभा राहतो आणि न बोलता जातो. एकदा म्हणाला, "उस्ताद, मदतीला कुणी देऊ का?" मी म्हटलं, रेघेला मदत कसली द्यायची? दोघांनी धरून मारायची का? तो हसला नाही.

सारखं मनात येतं, आणखी बेचाळीस राहिल्यात. बेचाळीस गाड्या, म्हणजे चौऱ्याऐंशी बाजू.

४ एप्रिल, शनिवार

आज एक गोष्ट ठरवली. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की हे आपोआप झालं.

एकोणसाठ नंबरची गाडी. डावी बाजू नऊ वेळा मारली, नऊ वेळा पुसली. नवव्यांदा फडकं हातात असताना एकदम उजाडलं. मी का पुसतोय? सरळ आली म्हणून तर ते स्टिकर म्हणतात. सरळपणाच आपल्या मुळावर आलाय. रेघ जरा हलली, तर कुणाच्या बापाची टाप आहे तिला स्टिकर म्हणायची? हाताने केलेल्या कामावर हात दिसायला नको का?

मग दहाव्यांदा मारली ती तशीच ठेवली. दरवाजाच्या वर थोडी लाट आहे, मुठीजवळ एक जाड जागा आहे. लांबून बघितली. चांगली आहे. मुद्दाम केलंय हे नीट कळतं.

तपासनीस बाई या आठवड्यात रजेवर आहेत. बदली आलेला माणूस दरवाजे उघडतो, लावतो आणि सही करतो. मला हा शुभशकुनच वाटला.

आज बऱ्याच दिवसांनी दोन घास जास्त गेले. सूनबाईला सांगितलं, मी नवी पद्धत काढली. ती म्हणाली, "बरं केलंत बाबा," आणि उठून भांडी घासायला गेली. भांडी घासून झालेली होती.

८ एप्रिल, बुधवार

साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. पुसणं नाही, काही नाही. सगळ्या बाहेर गेल्या. प्रत्येकीवर हात दिसतोय. आजची लाट जास्त मोठी आली, मी ठरवलं होतं त्यापेक्षा. पण कमी-जास्त व्हायचंच, हात म्हटल्यावर.

आता बघू टर्बोदादा काय म्हणतो.

९ एप्रिल, गुरुवार

काय लिहू?

तपासनीस बाई आज रजेवरून आल्या. चौसष्ट नंबर उभी होती. मी बाहेर हात धूत होतो. आत आलो तर डाव्या बाजूच्या रेघेवर अकरा लाल टिकल्या. मी मोजल्या. पुढून मागपर्यंत, गाडीला गोवर आल्यासारख्या.

"काका, हे काय आहे?"

"हाताची खूण आहे, बाई."

"खूण कशाची? मापात कुठेच बसत नाही."

"मापात बसली की लोक स्टिकर म्हणतात."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. या बाई कडक आहेत, पण आज आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "काका, ग्रुपवर फोटो आलेत. मागच्या पाच गाड्यांचे. लोक काय म्हणतायत बघितलंत का?"

मी म्हटलं, हात आहे हे तरी पटलं ना त्यांना?

"ते म्हणतायत की कंपनीला स्टिकरसुद्धा सरळ चिकटवता येत नाही."

तेवढ्यात सुपरवायझर आला. त्याने बाईंना बाहेर पाठवलं, दार लावलं. फडकं भिजवून चौसष्टची रेघ टिकल्यांसकट पुसून काढली, ओलीच होती अजून. मग ब्रश माझ्या हातात दिला. "उस्ताद, माझ्यासमोर एक मारा. सरळ. पूर्वीसारखी. मग मी बघतो वर कोण काय बोलतं ते."

मी म्हटलं पंखा बंद कर. त्याने केला. करंगळी टेकवली. श्वास धरला.

पंखा बंद होता तरी कुठून तरी वारा येत होता.

त्याने पुसलं. म्हणाला, "पुन्हा." पुन्हा मारली. त्याने पुसलं. तिसऱ्यांदा मी दरवाजापर्यंतही पोचलो नाही. मी म्हणत होतो, "थांब, मी मुद्दाम करत होतो ना इतके दिवस, सवय लागली हाताला, सुटेल." तो म्हणाला, "हो उस्ताद."

मग त्याने माझ्या बोटांतून ब्रश सोडवून घेतला. मोरीवर गेला आणि टर्पेंटाइनमध्ये धुतला, केस ओढून टोक केलं, तेल लावलं. अगदी मी शिकवलं होतं तसं. त्याचे खांदे हलत होते. ब्रश धुताना इतके हलायला नकोत, हे मी त्याला तेव्हाही सांगायचो.

१५ एप्रिल, बुधवार

घरी आहे. कंपनी म्हणते विश्रांती घ्या. विश्रांती कशाची? सकाळी साडेसातला कपडे करून बसतो. सूनबाई कामावर जाताना म्हणते, "बाबा, दाराला आतून कडी लावू नका." का लावू नको? चोर आला तर?

टेबलावर रोज पेन्सिलीने रेघा मारून बघतो. मग खोडतो. टेबल मळलंय.

रेघेच्या खोलीचं काय, हे कुणी सांगत नाही. शंभरांतल्या सदतीस राहिल्यात. हात बसला की जाईन. डॉक्टर म्हणाले होते गोळ्यांना वेळ लागतो. डोळ्यांच्या गोळ्यांचा हाताला काय उपयोग, पण खोलीत बसून माणूस काहीही आशा करतो.

२१ एप्रिल, मंगळवार

कंपनीची गाडी घ्यायला आली. जीव भांड्यात पडला. तोच एप्रन घातला, ब्रश बरोबर घेतला. सूनबाई म्हणाली मी येते. मी म्हटलं, कामावर कुणी सुनेला घेऊन जातं का?

रेघेच्या खोलीत दिवे लावलेले, कॅमेरा लावलेला. ऐंशी नंबरची गाडी मध्ये उभी. जाहिरातवाल्या बाई म्हणाल्या, "काका, लोकांना खात्री हवीय की हे हाताने होतं. म्हणून तुमचे काम करतानाचे फोटो काढायचेत. रेघेवर ब्रश ठेवा, वाकून बघा."

रंग कुठाय, मी विचारलं.

"रंग नको. ब्रश कोरडाच ठेवा. रेघ आहे ना आधीच."

होती. पुढून मागपर्यंत, सायीच्या रंगाची. मला वाटलं सुपरवायझरनेच मारली असेल, लपून शिकला असेल. छातीत एकदम गरम झालं. वाकलो. करंगळी टेकवली आणि चालत मागे गेलो, त्या फोटो काढत होत्या. मागच्या दिव्यापाशी पोचलो. रेघेच्या टोकातून सुताएवढी दुसरी रेघ निघाली होती, बोटाच्या पेराइतकी.

नख लावलं. कडेला अडकलं.

बाई म्हणाल्या, "काका, हलू नका, फार छान. चेहरा असाच ठेवा."

सुपरवायझर कोपऱ्यात उभा होता. नंतर जिन्यापाशी मला गाठून म्हणाला, "उस्ताद, दुसऱ्या कुणाची नाही लावली. तुमचीच आहे. चार नंबरचा फोटो होता, त्यावरून करून घेतली. चौसष्टपासून शंभरपर्यंत. तुम्ही केलेल्या सगळ्यांत चांगली तीच."

"प्रत्येक गाडीवर तो केस आहे?"

"आहे."

"डाव्या बाजूला?"

तो घुटमळला. "दोन्ही बाजूंना. उलटी करून छापली."

उजव्या बाजूला केस फुटला नव्हता. तेवढं त्याला सांगायचं राहिलं.

२ मे, शनिवार

निरोप समारंभ झाला. मोठे साहेब बोलले. रेघेच्या खोलीचं नाव कुणी काढलं नाही. येताना बघितलं, तिथे आता स्टिकरचे गुंडाळे ठेवलेत, उभे, ओळीने. माझं स्टूल दार उघडं राहावं म्हणून अडकवलंय.

वेल्डर गळ्यात पडून रडला. त्याच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती. मग डोळे पुसून त्याने ग्रुप वाचून दाखवला, काही तरी आनंदाचं ऐकवायचं म्हणून. जिथे तिथे माझा फोटो आहे. टर्बोदादाने लिहिलंय, "मी जाहीर माफी मागतो. मी या काकांना भेटलो होतो आणि त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. टोकाचा तो केस बघा, स्टिकरला असं येतं का? याला म्हणतात हात." त्याखाली चारशे लोकांनी लिहिलंय. इंजिनाचं कुणी काढतच नाही आता.

"म्हणजे पटलं की हो काका!" वेल्डर म्हणाला.

एकोणसाठ ते त्रेसष्ट परत मागवल्या. रेघ घासून काढून वर तीच लावतायत. एकट्या त्रेसष्टवाल्याने गाडी द्यायला नकार दिला. मला ऐकून भरून आलं, म्हटलं एकाला तरी कळलं. वेल्डरने पुढचं वाचलं. तो म्हणतो, बिघडलेला माल दुर्मीळ असतो, दहा वर्षांनी याला मागणी येईल.

वही कुणी मागितली नाही. पुस्तिका मागेच छापून झाली, असं बाई म्हणाल्या.

१० मे, रविवार

संध्याकाळी सूनबाईबरोबर तिच्या दुकानापर्यंत गेलो, गोळ्या आणायच्या होत्या. ती आत गेली, मी फुटपाथवर. समोर हिरवी गाडी उभी होती. रस्त्यावर उभी असलेली मी पहिल्यांदाच बघितली. आत माणूस नव्हता. काचेतून पितळी पट्टी दिसत होती, पण अंक लागला नाही, डोळे खरंच गेलेत वाटतं.

पहिल्या अठ्ठावन्नातली असेल का? मागे गेलो. वाकलो. टोकाला केस होता. मग चारच असेल, असं मनात आलं. चार का नसावी? कुठे तरी असणारच ना ती. उजव्या बाजूला जाऊन बघितलं असतं तर कळलं असतं. गेलो नाही. नख लावायला बोट पुढे केलं.

"ओ काका! हात नका लावू हां." तरुण मालक औषधांच्या दुकानातून बाहेर येत होता, पिशवी हलवत. ओरडला नाही, समजुतीने म्हणाला. "हाताने मारलेली रेघ आहे ती. म्हाताऱ्या कारागिराची. शंभरच गाड्या आहेत."

मला ओळखलं नाही. फोटोत एप्रन असतो.

मी म्हटलं, "दिसतंच आहे."

"कशी सरळ आहे बघा," तो म्हणाला.

"फार सरळ आहे," मी म्हटलं आणि हात खिशात घातला. तो खिशातही गप्प बसत नव्हता, मग वरून दुसऱ्या हाताने धरला. गाडी गेली. वळणापर्यंत मी बघत राहिलो. आवाज चांगला आहे त्या इंजिनाचा, ते काही बदलायला नकोच होतं.

सूनबाई बाहेर आली. तिने काचेतून बघितलं असावं. "काय म्हणत होता हो तो?"

"रेघ आवडली म्हणाला. असा हात पुन्हा होणे नाही म्हणाला."

"खरंच?"

"खरंच. तोंडावर म्हणाला."

तिने माझा तो हात खिशातून काढून आपल्या हातात घेतला आणि आम्ही घरी आलो. रस्ता ओलांडायचा नव्हता, तरी धरून होती.